विश्लेषण : मऊ चिकणमातीत ३० मीटर खोल मेट्रोचा खड्डा तग कसा धरतो? सिंगापूरमध्ये तो का कोसळला?

भुयारी मेट्रो स्थानक बांधायचे म्हणजे आधी आठ-दहा मजली इमारत मावेल एवढा खड्डा खणायचा आणि काम संपेपर्यंत त्याच्या बाजू ढासळू द्यायच्या नाहीत. हे काम ज्या भिंतीवर अवलंबून असते ती प्रवाशांना कधी दिसत नाही. ती चुकली तर काय होते, हे २० एप्रिल २००४ रोजी सिंगापूरने पाहिले.

नेमके काय घडले होते?

सर्कल लाइनच्या निकोल हायवे स्थानकाला लागून बोगद्यासाठी उघडा खड्डा खणला जात होता. नियोजित खोली सुमारे ३३ मीटर होती आणि खोदाई ३० मीटरपर्यंत पोहोचली होती. सकाळपासून पोलादी आधारांमधून आवाज येत होते, जोड वाकत होते. काही जोडांमागे काँक्रीट भरून ते सावरण्याचा प्रयत्न झाला. दुपारी साडेतीनच्या सुमारास आधार एकामागोमाग एक निकामी झाले आणि शेजारच्या सहापदरी महामार्गाचा तुकडा खड्ड्यात गेला. चार जणांचा मृत्यू झाला. त्यातील एकाचा मृतदेह कधीच सापडला नाही.

मऊ चिकणमाती एवढी अवघड का?

तिथे समुद्राने साचवलेली ‘मरीन क्ले’ आहे. एका घनमीटरचे वजन साधारण १.६ टन. म्हणजे ३० मीटर खोलीवर दर चौरस मीटरला सुमारे ४८ टन भार. वाळू किंवा मुरमात दाणे एकमेकांत अडकतात, त्यामुळे या भाराचा थोडाच हिस्सा आडवा ढकलला जातो. मऊ चिकणमातीत पकड कमी असते, म्हणून बराचसा भार थेट भिंतीवर येतो. शिवाय खड्ड्यातली माती उपसली की तळावरचे वजन हटते आणि बाहेरची माती भिंतीखालून आत सरकून तळ वर उचलू पाहते.

मग भिंत उभी कशी राहते?

आधी भिंत, मग खड्डा, असा क्रम असतो. जमिनीत अरुंद चर खणून त्यात बेंटोनाइटचा घट्टसर द्रव भरतात, म्हणजे चर मिटत नाही. त्यात सळ्यांचा पिंजरा सोडून तळापासून काँक्रीट ओततात. ही ‘डायफ्राम वॉल’. निकोल हायवेला ती ०.८ मीटर जाडीची होती. पुढे माती काढत जाताना दर काही मीटरवर समोरासमोरच्या भिंतींमध्ये पोलादी आडवे खांब, म्हणजे ‘स्ट्रट’ बसवतात. ते भिंतीला लावलेल्या आडव्या तुळईवर, म्हणजे ‘वेलर’वर टेकतात. निकोल हायवेला स्ट्रटचे दहा थर ठरले होते. खाली जेट ग्राउटने माती घट्ट करून दोन थर तयार केले होते. त्यातला वरचा थर तात्पुरता आधार होता, तो पुढे खणून काढायचा होता.

चूक कुठे झाली?

चौकशी समितीने मुख्यतः दोन त्रुटींवर बोट ठेवले. पहिली संगणकातली. ओली चिकणमाती दाबली गेली की तिचे कण जवळ येऊ पाहतात, पण मधले पाणी पटकन निघून जात नाही. त्यामुळे भार पाण्यावर जातो आणि मातीची ताकद घटते. वापरलेल्या गणितात हा परिणाम नीट धरला जात नव्हता. माती होती त्यापेक्षा मजबूत दिसली आणि भिंतीचे वाकणे जवळपास निम्मे धरले गेले.

दुसरी त्रुटी स्ट्रट आणि वेलरच्या जोडाची. त्याची क्षमता गरजेच्या साधारण निम्मी होती. जोड मजबूत करण्यासाठी पट्ट्यांऐवजी सी-आकाराचे चॅनल लावले गेले. पण असा जोड कमाल भार गाठल्यावर हळूहळू वाकत नाही, एकदम बळ सोडतो. दहावा थर बसवण्यासाठी जेट ग्राउटचा वरचा थर काढला, तेव्हा त्याच्यावरचा भार नवव्या स्ट्रटवर गेला. तो जोड सुटला आणि त्याचे ओझे वरच्या स्ट्रटना पेलवले नाही.

धोक्याची सूचना मिळाली नव्हती का?

मिळाली होती, आणि ती काही आठवडे मिळत होती. भिंतीलगतच्या नळीत इन्क्लिनोमीटर सोडून भिंत किती वाकली ते मोजतात. निकोल हायवेला हे वाकणे शेवटी ४० सेंटिमीटरच्या पुढे गेले. मर्यादा ओलांडली गेली तेव्हा जुळवून घेतलेल्या गणिताच्या आधारे मर्यादाच वाढवली गेली आणि खोदाई सुरू राहिली. मूळ गृहीतक चुकीचे आहे का, हे तपासण्याची संधी तेव्हा होती.

त्यानंतर काय बदलले?

सिंगापूरने २००६ मध्ये कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेचा नवा कायदा केला. सहा मीटरपेक्षा खोल खोदाईचे आराखडे भू-तंत्र अभियंत्याकडून आणि स्वतंत्र तपासनीसाकडून तपासून घेण्याची सक्ती आली. स्थानक मूळ जागेपासून हलवण्यात आले आणि २०१० मध्ये सुरू झाले.

मुंबईत अशीच स्थिती आहे का?

बरीच वेगळी. मेट्रो-३ च्या मार्गावर बहुतेक ठिकाणी माती आणि भरावाखाली बेसॉल्ट किंवा ब्रेशिया खडक लागतो, त्यामुळे भिंतीचा पाय खडकात रोवता येतो. अनेक स्थानकांत एकमेकांत घुसवलेल्या काँक्रीटच्या खांबांची, म्हणजे ‘सेकंट पाइल’ची भिंत वापरली गेली. मात्र किनाऱ्यालगत वरच्या थरात सागरी चिखल आहेच, आणि खड्ड्याच्या कडेला जुन्या इमारती. भुयारी कामाशेजारच्या इमारतींवर छोटे चकाकते प्रिझम आणि भेगांवर मोजपट्ट्या चिकटवलेल्या दिसतात, त्या याचसाठी. त्यांचे आकडे रोज घेतले जातात. ठरलेली मर्यादा ओलांडली गेली, की काम थांबवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे खोदाई सुरू होण्याआधीच ठरलेले असायला हवे.