हॅकेथॉनच्या फॉर्मवरची सही

हॅकेथॉनमधले ‘हॅक’ चोरीचे नव्हे, हे आधी चार मुलींच्या अम्मी-अब्बांना समजवावे लागले. हॅक आणि मॅरेथॉन मिळून झालेला हा शब्द. १९९९ पासून रूढ. पुण्यातल्या एका कंपनीने चोवीस तासांचा कार्यक्रम ठेवला होता. टी-शर्ट, बिर्याणी, बक्षीस सगळे कंपनीचे.

आमच्या मुलींनी औषधांच्या वेळा उर्दूत दाखवणारे अ‍ॅप घेतले. उर्दू उजवीकडून डावीकडे, आकडे मात्र डावीकडून उजवीकडे. पडद्यावर गोळ्यांची संख्या भलत्याच औषधापुढे जाऊन बसे. दुसऱ्या कुठल्या टीमला ही अडचणच नव्हती! फजरच्या सुमारास ओळ जुळली.

सकाळी न्यायला आलेल्या पालकांपुढे इंग्रजी फॉर्म आला. बारीक अक्षरात लिहिले होते, अ‍ॅपचे सर्व हक्क कंपनीचे. बक्षीस मिळो न मिळो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅमही साहित्यकृती मानला जातो. हक्क सोपवायचे तर लेखी, सहीनिशीच. मुली अठराच्या आतल्या, म्हणून सही पालकांची हवी होती. मी ते कलम उर्दूत वाचून दाखवले. एक अब्बा म्हणाले, “मॅडम, हे खोडा.”

आयोजकांनी फोनाफोनी केली आणि मान्य केले. बक्षीस दुसऱ्यांना गेले. अ‍ॅप सध्या एका मुलीच्या दादीजानच्या फोनवर आहे. इन्सुलिनची वेळ तेच सांगते.