म्हाडाच्या घराची किंमत ठरते कशी?

म्हाडाच्या सोडतीतले घर खुल्या बाजारापेक्षा स्वस्त मिळते. ज्याच्यासाठी ते राखून ठेवले त्याला ते परवडतेच असे मात्र नाही. या दोहोंतले अंतर किंमत ठरवण्याच्या पद्धतीतून येते.

म्हाडा म्हणजे राज्याचे गृहनिर्माण प्राधिकरण. तिच्याकडे मुंबईत घरे मुख्यतः दोन वाटांनी येतात. काही घरे ती स्वतःच्या जमिनीवर बांधते. त्यांच्या किमतीत बांधकामाचा, पायाभूत सोयींचा आणि इतर खर्च धरला जातो. वरच्या उत्पन्न गटांकडून थोडे अधिक घेऊन खालच्या गटांचा भार हलका करण्याचीही रीत आहे. दुसरी घरे जुन्या वसाहतींच्या आणि उपकरप्राप्त (दुरुस्ती उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींच्या पुनर्विकासात विकासकांकडून म्हाडाच्या वाट्याला येतात. ही घरे बहुधा मोक्याच्या जागी असतात आणि त्यांच्या किमतीला आधार असतो रेडी रेकनरचा, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकार ठरवत असलेल्या दरांचा. रेडी रेकनरचे दर त्या त्या भागातल्या व्यवहारांवरून ठरत असल्याने बाजार तापला की सरकारी घराचा भावही त्याच्यामागून चढतो. 2023 च्या सोडतीत ताडदेवच्या काही घरांची किंमत साडेसात कोटी रुपयांच्या पुढे गेली, ती अशीच.

पुढच्या वर्षी हा तिढा उघड झाला. 2024 च्या सोडतीत 2030 घरे होती. त्यांपैकी विकासकांकडून आलेल्या 370 घरांच्या किमतींवर टीका झाल्यावर त्या कमी कराव्या लागल्या: अत्यल्प गटासाठी 25 टक्के, अल्प गटासाठी 20, मध्यम गटासाठी 15 आणि उच्च गटासाठी 10 टक्के. जाहिरात निघाल्यानंतर किंमत पाव हिश्शाने खाली येऊ शकते, याचा अर्थ ती निव्वळ हिशेबातून आलेली नव्हती; तो धोरणाचा निर्णय होता. गिरणी कामगारांच्या घरांनी हेच दुसऱ्या टोकाने दाखवले होते. 2020 च्या सोडतीत बॉम्बे डाईंगसारख्या गिरण्यांच्या जागेवरची घरे साडेनऊ लाखांत देण्यात आली, कारण तिथे जमिनीचा बाजारभाव कामगारावर टाकायचा नाही असे ठरले होते.

खरी अडचण उत्पन्न गटांच्या रचनेत आहे. मुंबई महानगर प्रदेशात वर्षाला सहा लाखांपर्यंत कमावणारे कुटुंब अत्यल्प गटात मोडते. म्हणजे महिना पन्नास हजारवाला आणि पंचवीस हजारवाला एकाच रांगेत, आणि दोघांना घराची किंमत एकच. नऊ टक्के व्याजाने वीस वर्षांच्या कर्जाचा हप्ता लाखामागे सुमारे 900 रुपये पडतो. पगाराचा निम्मा भाग हप्त्यात घातला, तरी पहिल्याला 27-28 लाखांचे कर्ज झेपते, दुसऱ्याला जेमतेम 14 लाखांचे. तीस लाखांच्या घरासाठी पहिला दागिने मोडून, उसनवारी करून उरलेली रक्कम उभी करील. दुसऱ्याला सोडत लागूनही घर परत करावे लागेल. गट गरिबांचा, पण फायदा त्यातल्या सर्वांत वरच्या थराला.

सिंगापूरने ही गाठ वेगळ्या रीतीने सोडवली आहे. तिथल्या गृहनिर्माण मंडळाच्या नव्या घराची किंमतही आसपासच्या बाजारभावावरून काढतात आणि मग सवलत देतात. पण पहिल्यांदा घर घेणाऱ्यांना त्यावर जे अनुदान मिळते, ते उत्पन्न जितके कमी तितके मोठे असते. आपल्याकडे पंतप्रधान आवास योजनेतल्या घरांना केंद्राचे दीड आणि राज्याचा एक असे अडीच लाख रुपये मिळतात. गटातल्या सर्वांना सारखेच.

किंमत आवाक्यात आणली की काम संपत नाही. विरार-बोळिंजमधली म्हाडाची हजारो घरे वर्षानुवर्षे विक्रीविना पडून होती. पाण्याची टंचाई आणि मुंबईपासूनचे अंतर ही त्यामागची मोठी कारणे. लोकलचा पास आणि रोजचे प्रवासाचे तास घराच्या जाहिरातीत नसतात, खर्चात मात्र असतात.

पुनर्विक्रीचाही प्रश्न आहे. म्हाडाचे घर पाच वर्षे विकता येत नाही. त्यानंतर ते खुल्या बाजाराच्या भावाने जाऊ शकते आणि सरकारने सोडलेली रक्कम पहिल्या मालकाच्या खिशात राहते. सिंगापुरात मध्यवर्ती भागांतल्या नव्या घरांसाठी ही मुदत आता दहा वर्षांची आहे. विकताना दिलेल्या सवलतीचा काही भाग परत घेतला जातो आणि विकत घेणाऱ्यालाही उत्पन्नाची अट लागू होते.