तीन सेंटिमीटरचा हौदा

राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात उभारलेल्या खासबाग मैदानात एक मल्ल दुसऱ्याला उचलून आपटतो. पाठ टेकते, कुस्ती निकाली होते आणि चितपट झालेला गडी माती झटकत उभा राहतो. तोच डाव बाहेरच्या डांबरावर पडला असता तर? हौद्यातली माती तेल, ताक, हळद घालून, उकरून भुसभुशीत केलेली असते. अंगाखाली ती जराशी दबते आणि गडी वाचतो.

हेल्मेटच्या आत हाच हौदा आहे, थर्माकोलचा.

बाहेरचं टणक कवच आपल्याला दिसतं, म्हणून सगळा भरवसा आपण त्याच्यावर टाकतो. ते मार पसरवतं, टोकदार दगड आत घुसू देत नाही, रस्त्यावरून घसरतं. पण जीव वाचवण्याचं खरं काम आतल्या दोन-तीन सेंटिमीटर थराचं. त्यात हवेनं भरलेले असंख्य बारीक कप्पे असतात. आदळताच ते एकामागून एक चिरडले जातात आणि धक्क्याची शक्ती त्यात खर्ची पडते.

हिशेब करून बघा. गाडी सिग्नलला उभी आहे, तोल गेला, डोकं दीड मीटरवरून खाली आलं. जमिनीला लागताना त्याचा वेग ताशी 19-20 किलोमीटर असतो! समजा, डांबरावर ते तीन मिलिमीटरांत थांबलं, तर त्याला गुरुत्वाकर्षणाच्या पाचशे पट हिसका बसतो. थर्माकोल दबून तेच थांबणं पंचवीस मिलिमीटरांवर पसरलं, तर साठ पट. बावीस मिलिमीटरांनी एवढा फरक पडतो. ‘राजारामपुरीतनं मंगळवार पेठेत जायला हेल्मेट कशाला?’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकापुढे मला हा हिशेब ठेवावासा वाटतो.

कवटीच्या आत तर आणखी नवल आहे. साधारण चौदाशे ग्रॅमचा मेंदू एका स्वच्छ द्रवात तरंगतो, त्यामुळे तिथं त्याचा भार जेमतेम पन्नास ग्रॅमइतका उरतो. रोजच्या हालचालींना ही सोय पुरते. अपघातात मात्र कवटी थांबते आणि मेंदू पुढे जातच राहतो. रक्तवाहिन्या ताणतात, तुटतात. म्हणून कधी बाहेर फारसं लागलेलं दिसत नाही, माणूस उठून बोलतो, घरी जातो आणि काही तासांनी बेशुद्ध पडतो.

डोक्याच्या अशा दुखापतींचा छडा लावायचं एका डॉक्टरनं मनावर घेतलं. मे 1935 मध्ये इंग्लंडात दोन सायकलस्वार मुलांना चुकवताना ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेला ब्रिटिश लष्करी अधिकारी मोटरसायकलवरून फेकला गेला. डोक्याला हेल्मेट नव्हतं. सहा दिवस तो शुद्धीवर आला नाही आणि 46व्या वर्षी गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत मेंदूचे शल्यविशारद ह्यू केर्न्स होते. त्यांनी मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा पाठपुरावा केला, 1941 मध्ये निष्कर्ष छापले आणि त्याच वर्षी ब्रिटिश लष्करानं आपल्या निरोप्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. सामान्य ब्रिटिश नागरिकांसाठी कायदा यायला 1973 उजाडलं. तोवर केर्न्स जाऊन 21 वर्षं झाली होती.

आपल्याकडे 2022 मध्ये हेल्मेट न घातलेले 50,029 जण रस्त्यावर मेले. त्यांतले 14,337 मागे बसलेले होते. पुढच्याच्या डोक्यावर हेल्मेट आणि मागे पदर सावरत बसलेली आई उघड्या डोक्यानं, हे दृश्य मला बघवत नाही. पट्टा न लावता नुसतं डोक्यावर ठेवलेलं हेल्मेटही तितकंच फसवं. आदळण्याआधीच ते उडून जाऊ शकतं.

आखाड्यातली माती पुन्हा उकरता येते, थर्माकोल एकदा दबला की दबला. त्यामुळे अपघातात सापडलेलं हेल्मेट वरून कितीही धड दिसलं तरी बदलावंच लागतं.

तिरका मार बसला की डोकं गर्रकन फिरतं, आणि त्या फिरण्यापुढे नुसता थर्माकोल अपुरा पडतो. स्वीडनचे मेंदूशल्यविशारद हान्स फॉन होल्स्ट आणि संशोधक पीटर हॉल्डिन यांनी त्यासाठी हेल्मेटात किंचित सरकणारा एक पातळ थर बसवला. त्याची कल्पना त्यांना मेंदूभोवतीच्या त्या द्रवावरूनच सुचली.