कार्ड चालतं का?

२ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना महाराष्ट्रातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली: गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, रायगड, मुंबई शहर, मुंबई उपनगर आणि धुळे. जळगावचं नाव त्यात नव्हतं. नंदुरबारचंही नव्हतं, जो १९९८ पर्यंत धुळ्याचाच भाग होता आणि जिथली गरज धुळ्याहून अधिकच होती. बाकीच्या राज्यात योजना पोचायला २१ नोव्हेंबर २०१३ उजाडला. मधल्या सोळा-सतरा महिन्यांत पारोळ्याच्या माणसाची गंमतच झाली. धुळ्याचा दवाखाना त्याला जळगावपेक्षा जवळचा. तिथल्या कॉटवर शेजारी झोपलेल्या धुळे तालुक्यातल्या माणसाचं ऑपरेशन फुकट, आणि याच्या रेशनकार्डावर जिल्हा जळगाव, म्हणून याने शेत गहाण टाकायचं.

योजना अपुरी होती हे सांगायला तज्ज्ञ लागत नव्हता. पिवळं किंवा केशरी कार्ड असेल तर कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत उपचार, मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अडीच लाख, आणि तेही ठरलेल्या ९७२ उपचारांपुरते. आंध्रात राजशेखर रेड्डींनी २००७ मध्ये आणलेल्या आरोग्यश्रीचा हा महाराष्ट्री अवतार. राज्य सरकारने दर कुटुंबामागे ३३३ रुपयांचा हप्ता नॅशनल इन्शुरन्स कंपनीला भरायचा, कंपनीने दवाखान्याला पॅकेजचे पैसे द्यायचे, आणि दवाखान्याच्या दारात टेबल टाकून बसलेल्या आरोग्यमित्राने रुग्णाचे कागद पुढे सरकवायचे. तेव्हापासून खानदेशात दवाखान्याची पायरी चढताना पहिला प्रश्न ‘डॉक्टर कोण आहेत?’ हा राहिला नाही. ‘कार्ड चालतं का?’ हा झाला.

अशा योजनेला पुरोगामी माणसाने पाठिंबा द्यावा का, यावर तेव्हा बराच वाद झाला. जन आरोग्य अभियानातल्या डॉ. अनंत फडके, डॉ. अभय शुक्ला यांच्यासारख्या कार्यकर्त्यांचा आक्षेप थोडक्यात असा, की सरकारी दवाखाने उपाशी ठेवून सरकारी पैसा विम्याच्या वाटेने खासगी रुग्णालयांकडे वळवणं ही सुधारणा नव्हे. १९४६ च्या भोर समितीने पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, असं तत्त्व मांडलं होतं आणि त्यासाठी गावापासून जिल्ह्यापर्यंत सरकारी आरोग्यसेवेची उतरंड आखून दिली होती. ती उभी करायची सोडून बायपासचं पॅकेज वाटत बसायचं, हा त्यांच्या दृष्टीने मूळ कामाला दिलेली बगल होती.

हा आक्षेप पुस्तकी नव्हता. खानदेशातलं साधं कुटुंब हृदयाच्या झडपेपायी क्वचित बुडतं. ते बुडतं रक्तदाबाच्या गोळ्यांनी, साखरेच्या तपासण्यांनी, पावसाळ्यात घरातल्या तिघांना एकदम चढलेल्या तापाने आणि ‘हे बाहेरून आणा’ म्हणून हातात दिलेल्या चिठ्ठीने. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा वस्त्यांत सिकलसेल आहे. त्याला जन्मभर गोळ्या आणि देखरेख लागते, एका ऑपरेशनने तो संपत नाही. दवाखान्यात दाखल न होता होणारा हा सगळा खर्च योजनेच्या बाहेर होता आणि आजही मुख्यतः बाहेरच आहे. शिवाय दवाखाना योजनेत यायचा तर खाटा, अतिदक्षता विभाग, तज्ज्ञ यांच्या अटी. साहजिकच योजनेचे बहुतेक दवाखाने जिल्ह्याच्या शहरात गोळा झाले. यावल-चोपड्याच्या डोंगरपट्ट्यात किंवा शिरपूरच्या वरच्या पाड्यांवर कार्ड पोचलं, पण ते जिथे चालतं तो दवाखाना खाली, दोन गाड्या बदलून.

मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात डोक्याला मार लागलेला एक रुग्ण आला. मेंदूचा शल्यविशारद तिथे नव्हता. दुसरीकडे न्या, असं सांगावं लागलं. संतापलेल्या नातेवाइकांनी एका निवासी डॉक्टरला इतकं मारलं की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली आणि पुढे राज्यभरचे निवासी डॉक्टर कामबंदवर गेले. त्या दिवसांत चर्चा झाली ती सुरक्षारक्षकांची. मला मात्र तारखा खटकतात. धुळे हा योजनेच्या पहिल्या आठांतला जिल्हा. मेंदूच्या शस्त्रक्रिया यादीत होत्या, रुग्णांकडे कार्डं होती. जवळपास पाच वर्षांनंतरही जिल्ह्याच्या सर्वांत मोठ्या सरकारी रुग्णालयात ती शस्त्रक्रिया करणारा माणूस नव्हता. शुद्धतावादी म्हणून ज्या आक्षेप घेणाऱ्यांना हिणवलं गेलं, त्यांनी नेमकं हेच होईल असं सांगितलं होतं.

जळगावची गोष्ट याहून कठीण आहे. २३ मे २०२० रोजी सरकारने कोरोनासाठी योजना सगळ्यांना, अगदी पांढऱ्या कार्डवाल्यांनाही खुली केली. कागदावर महाराष्ट्रात त्या दिवशी सार्वत्रिक आरोग्यसंरक्षण आलं. त्यानंतर तीन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा, १० जूनला, जळगावच्या सिव्हिलमध्ये बेपत्ता म्हणून नोंदलेल्या ८२ वर्षांच्या कोरोनाग्रस्त आजींचा मृतदेह त्याच रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात सापडला. आठ दिवस कोणी दार उघडून पाहिलं नव्हतं. अधिष्ठातांसह काही जण निलंबित झाले. वॉर्डात पुरेशी माणसंच नसतील तर कोणत्याही रंगाचं कार्ड तिथे काही करू शकत नाही.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग नाकारायचीच होती योजना. मला तसं वाटत नाही, आणि याचं कारण भावनिक नाही. ज्याच्या बापाची अँजिओप्लास्टी कार्डावर झाली, ज्या बाईचं कर्करोगाचं ऑपरेशन आणि पुढचे केमोचे डोस जमीन न विकता झाले, अशी माणसं आज दोन्ही जिल्ह्यांत गावागावांत आहेत. ‘सरकारी व्यवस्था आधी बळकट होऊ द्या’ हे त्यांना सांगायचं कसं? ती बळकट होईपर्यंत कर्करोग थांबणार आहे का? आणि एक गोष्ट विरोधकांनीही फारशी लक्षात घेतली नाही: पॅकेजचे पैसे सरकारी रुग्णालयालाही मिळतात. मनात आणलं तर त्याच योजनेतून सिव्हिलच्या तिजोरीत भर घालता येते. फक्त मनात आणणारं कोणी लागतं.

राजकारण्यांनी हे फार लवकर ओळखलं. २०१२ मध्ये योजना काँग्रेस-राष्ट्रवादीची. विरोधी पक्षनेते होते मुक्ताईनगरचे एकनाथ खडसे. २०१४ मध्ये सत्ता पालटली. नव्या सरकारने योजना बासनात गुंडाळली नाही. १ एप्रिल २०१७ पासून तिला महात्मा जोतिबा फुल्यांचं नाव दिलं आणि पुढे चालवली. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली. बंगाल, दिल्ली, ओडिशा बाहेर राहिले किंवा बाहेर पडले, महाराष्ट्राने दोन्ही योजनांची सांगड घातली. जामनेरचे गिरीश महाजन यांची महाआरोग्य शिबिरं राज्यभर गाजली; वैद्यकीय शिक्षण खातं त्यांच्याकडे असताना २०१८ मध्ये जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण याच काळात योजना हक्क म्हणून आली आणि उपकार म्हणून वापरली गेली. प्रत्येक पुढाऱ्याच्या कार्यालयात ‘रुग्णसेवा’ बघणारा एक पोरगा बसू लागला. त्याचा फोन गेला की मंजुरी लवकर येते, असा लोकांचा समज झाला. खरा की खोटा, कार्यालयाबाहेरची गर्दी मात्र वाढली. ज्याचं ऑपरेशन झालं तो साहेबांचा माणूस झाला. सिव्हिलमध्ये किती पदं रिकामी आहेत, हे साहेबांना विचारणार कोण?

इथे मला खानदेशातलीच एक जुनी गोष्ट आठवते. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. पेच हाच होता: ब्रिटिशांनी दिलेला १९३५ चा कायदा सदोष, अपमानास्पद, गव्हर्नरच्या हातात नकाराधिकार ठेवणारा. मग त्याखालच्या निवडणुका लढवायच्या का? जिंकलो तर मंत्रिपदं घ्यायची का? नेहरू आणि डावे मंत्रिपदांच्या ठाम विरोधात. दुसऱ्या बाजूचे म्हणत, मैदान मोकळं सोडलं तर सरकारचे लाडके येऊन बसतील. फैजपूरने या गुंत्याचे दोन तुकडे केले. कायदा नाकारला, निवडणुका लढवायचं ठरवलं, आणि पदं घ्यायची की नाही हा प्रश्न पुढे ठेवला.

शाळेत आपण एवढंच शिकतो. खरी शिकवण त्यानंतरच्या काळात आहे. निवडणुका जिंकल्यावर मार्च १९३७ मध्ये काँग्रेसने पदं स्वीकारायला होकार दिला तो अटीवर: मंत्र्यांच्या घटनात्मक कामात गव्हर्नर आपले विशेष अधिकार वापरणार नाहीत, असं आश्वासन हवं. सरकार देईना. मुंबई इलाख्यात धनजीशा कूपर यांचं तात्पुरतं मंत्रिमंडळ बसलं तरी काँग्रेस थांबली. जूनमध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी मागितलं तेवढं नाही, पण बरंचसं दिलं. जुलैत बाळ गंगाधर खेर मुख्य मंत्री झाले. आणि १९३९ मध्ये न विचारता देश युद्धात ओढला गेला, तेव्हा त्याच मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. सदोष कायद्यात शिरताना किंमत मागितली, आणि बाहेर पडायचं दार उघडं ठेवलं.

२०१२ मध्ये यातलं काहीच झालं नाही. विरोध करणाऱ्यांनी विरोध फुकट दिला, पाठिंबा देणाऱ्यांनी पाठिंबा फुकट दिला. ‘योजना घेतो, पण पहिल्या वर्षात सिव्हिलची तज्ज्ञांची पदं भरा, योजनेतल्या दवाखान्याचे दर आणि नाकारलेल्या रुग्णांची यादी जाहीर करा’ असं दोन्हीकडून कोणी म्हटलं नाही. आदर्शवाद आणि व्यवहार यांचं भांडण आपण फार मोठं करून ठेवलंय. खानदेशात दोघंही सौदा करायला विसरले.

थांबून राहण्याचीही किंमत असते, हे अमेरिकेचे सिनेटर टेड केनेडी यांना उशिरा कळलं. १९७१ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी मालकांना कामगारांचा विमा सक्तीचा करणारी योजना मांडली. केनेडींना सरकारी विमा सर्वांना हवा होता. त्यांनी ती उडवून लावली. पुढे त्यांनी स्वतः तडजोडीची तयारी दाखवली, तर कामगार संघटना अधिक चांगल्याची वाट पाहत बसल्या. त्यानंतर जवळपास चार दशकं सर्वांसाठी म्हणून काही आलं नाही, आणि आला तो २०१० चा ओबामांचा कायदा, खासगी विमा कंपन्यांच्या खांद्यावर उभा. सरकारी विम्याचे कट्टर पुरस्कर्ते खासदार डेनिस कुसिनिच यांनी आधी त्याविरुद्ध मत दिलं, मग नाक मुठीत धरून बाजूने.

आपल्याकडची अशी चुकलेली गाडी म्हणजे खासगी दवाखान्यांवरचं नियंत्रण. केंद्राचा वैद्यकीय आस्थापना कायदा २०१० चा. महाराष्ट्राने तो स्वीकारला नाही. डॉक्टरांच्या संघटनांना इन्स्पेक्टर राज नको होतं. चळवळीतल्यांनाही रुग्णांच्या तक्रारीची सोय असलेला, अधिक शहाणा असा महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा हवा होता. २०१४ मध्ये मसुदाही झाला. दोघांच्या हरकती वेगळ्या, परिणाम एक: मसुदा कायदा झालाच नाही आणि खासगी दवाखाने १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखालीच राहिले. डॉक्टरांचं यात काही बिघडलं नाही.

सौदा करता येतो, याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये आलं, तेव्हाही टीका झाली: कंत्राटी नोकऱ्या, आशाताईंना पगाराऐवजी मोबदला. टीका खरीच होती. पण त्या अभियानात लोकाधारित देखरेखीचं एक कलम होतं. ज्यांनी टीका केली त्यांच्यातल्याच काहींनी ते कलम धरलं, आणि २००७ पासून महाराष्ट्रात पाच जिल्ह्यांत ते राबवलं. त्यातला एक नंदुरबार. गावच्या समितीने प्राथमिक आरोग्य केंद्राला गुण द्यायचे, आणि जनसुनवाईत डॉक्टरसाहेबांसमोर पाड्यावरच्या बाईने उभं राहून विचारायचं, की औषध होतं तर बाहेरची चिठ्ठी का दिली. वनहक्क कायद्याचंही तसंच. २००६ च्या त्या कायद्यात त्रुटी भरपूर. तरी सातपुड्यातल्या संघटनांनी दावे भरले, फेटाळले गेले की पुन्हा भरले, आणि दाव्यांसाठी मोर्चे काढत राहिल्या. कायद्याला चांगलं म्हणायची गरज त्यांना कधी पडली नाही.

आता योजना पुन्हा मोठी झाली आहे. १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना, कार्डाचा रंग न पाहता, पाच लाखांपर्यंत संरक्षण. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. धुळ्याच्या मतदारांनी २०१४ आणि २०१९ मध्ये कर्करोगाचे शल्यविशारद सुभाष भामरे यांना लोकसभेत पाठवलं, २०२४ मध्ये ३,८३१ मतांनी त्यांना हरवून माजी आरोग्य राज्यमंत्री डॉ. शोभा बच्छाव यांना. म्हणजे २०२४ मध्ये दोन्ही बाजूंना डॉक्टरच होते, आणि किंमत मागायला याहून बरा प्रसंग मिळाला नसता.

एक गोष्ट मात्र अजूनही मागता येते, आणि तिच्यासाठी मुंबईला जावं लागत नाही. त्या १९४९ च्या कायद्याखालचे नियम जानेवारी २०२१ मध्ये सुधारले गेले. रुग्णहक्कांची सनद आणि ठरावीक सेवांचे दर दर्शनी भागात लावणं खासगी दवाखान्यांना बंधनकारक झालं, तक्रार निवारणाची तरतूद आली. मागितला होता त्या कायद्यापुढे हे फारच थोडं. पण शहरांत याची अंमलबजावणी महापालिकेकडे असते, आणि जळगाव, धुळे दोन्हीकडे महापालिका आहे. किती दवाखान्यांची पाहणी झाली, किती ठिकाणी दरफलक नव्हता, त्यांचं पुढे काय केलं, एवढे तीन प्रश्न सर्वसाधारण सभेत लेखी विचारायला एक नगरसेवक पुरतो. तो कोणत्या पक्षाचा असावा, यावर मला काही म्हणायचं नाही.