पंप गुणगुणतो, पण पाणी फिरत नाही

फेब्रुवारी 2012 मध्ये युरोपात थंडीची मोठी लाट आली होती. त्या वेळी मी संशोधनाच्या निमित्ताने जर्मनीतील ग्योटिंगेन या गावी राहत होतो. पहाटे बाहेरचा पारा शून्याखाली 15 अंशांच्या आसपास उतरत असे. अशाच एका रविवारी सकाळी जाग आली ती नाकाचा शेंडा गारठल्यामुळे. खिडकीखालच्या रेडिएटरला हात लावला, तर तोही गार! घरमालकीणबाई तळघरात जाऊन आल्या आणि त्यांनी निकाल दिला, "बॉयलर पेटलेला आहे, म्हणजे पंपच गेला. नवा आणावा लागणार." पण जर्मनीत रविवारी दुकाने बंद. शिवाय अशा थंडीत घर दोन दिवस गरम झाले नाही, तर भिंतीलगतच्या नळांत पाणी गोठते. गोठताना त्याचे आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढते आणि नळ फुटतात. त्यामुळे प्रश्न केवळ आमच्या हुडहुडीचा नव्हता.

पंप खरोखरच गेला होता का? या प्रश्नाचे उत्तर शोधताना शाळेतल्या पदार्थविज्ञानाची जी उजळणी झाली, ती येथे सांगावीशी वाटते.

प्रथम ही व्यवस्था काय असते ते पाहू. तळघरातील बॉयलरमध्ये पाणी तापते. ते नळांतून खोल्याखोल्यांतील रेडिएटरमध्ये जाते, तेथे आपली उष्णता देऊन गार होते आणि दुसऱ्या नळाने पुन्हा बॉयलरकडे येते. तेच पाणी वर्षानुवर्षे फिरत राहते. ते प्यायचे नसते, की अंघोळीचे नसते. ते केवळ उष्णतेचे हमाल!

आता हे पाणी फिरते कशाने? पोटॅशियम परमँगनेटचा खडा टाकलेल्या पाण्याचे पात्र खालून तापवण्याचा प्रयोग आपण वर्गात करतोच. तापलेले पाणी हलके होऊन वर जाते, गार पाणी खाली येते. हेच अभिसरण. पुण्यातील अनेक इमारतींच्या गच्चीवरील सौर बंबात पाणी याच तत्त्वावर फिरते. म्हणूनच त्यात टाकी तापणाऱ्या नळ्यांच्या वर ठेवलेली असते आणि पंप लागत नाही. युरोपातील जुनी घरेही अशीच, पंपाविना गरम होत असत. पण हा जोर किती असतो? 60 अंश सेल्सिअसला पाण्याची घनता दर घनमीटरला सुमारे 983 किलोग्रॅम, तर 80 अंशांना सुमारे 972 किलोग्रॅम असते. घराची उंची 6 मीटर धरली, तर गार आणि गरम स्तंभांच्या वजनांतील फरकामुळे मिळणारा दाब जेमतेम 7 सेंटिमीटर उंचीच्या पाण्याएवढा भरतो. म्हणून त्या काळी मनगटाएवढे जाड नळ घालावे लागत, आणि तरीही दूरची खोली तापायला निम्मा दिवस जाई. 1928 साली डॉर्टमुंडच्या विल्हेल्म ओप्लेंडर यांनी नळाच्या वळणातच विजेवर फिरणारा पंखा बसवून पाण्याला ढकलण्याची युक्ती काढली. आजचा अभिसरण पंप हा तिचाच वारस.

आपल्याकडील विहिरीवरचा पंप डोळ्यांपुढे असलेल्या वाचकाची येथे हमखास गल्लत होते. माझीही झाली होती. तळघरातून दुसऱ्या मजल्यापर्यंत पाणी चढवायचे, म्हणजे पंप चांगला दणकट असणार, असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात तो दोन मुठींत मावेल एवढा निघाला, आणि त्यावर 60 वॅट असे छापलेले! याचे कारण असे, की हे वर्तुळ बंद आहे. जत्रेतला उभा पाळणा आठवा. एका बाजूची माणसे वर जातात तेव्हा दुसऱ्या बाजूची तेवढीच खाली येतात, म्हणून एकटा माणूस तो हाताने फिरवू शकतो. येथेही चढणाऱ्या पाण्याचे वजन उतरणारे पाणी तोलून धरते. पंपाला जिंकायचे असते ते फक्त नळांतील घर्षण. हिशेबच करून पाहा. घराला 10 किलोवॅट उष्णता हवी आणि पाणी रेडिएटरमध्ये 20 अंशांनी गार होते असे धरले, तर सेकंदाला सुमारे 120 ग्रॅम पाणी पुरते. घर्षणापोटी 2 मीटर उंचीच्या पाण्याएवढा दाब लागतो असे मानले, तर पंपाने करायचे उपयुक्त कार्य होते सुमारे अडीच वॅट! त्यासाठी जुना पंप 60 वॅट वीज खातो. ही उधळपट्टी पुढे कायद्याच्याही नजरेत आली. पण आधी आमचे रेडिएटर.

शेजारी एक निवृत्त फिटर राहत होते. मालकीणबाईंनी त्यांना बोलावले. ते एक लांब पेचकस घेऊन आले, आणि पहिली दहा मिनिटे त्यांनी काहीही उघडले नाही. आधी त्यांनी विचारले, "सगळेच रेडिएटर गार आहेत, की काही?" हा प्रश्न साधा वाटला, तरी निम्मे निदान त्यातच आहे. एकच रेडिएटर गार असेल, तर दोष पंपात असण्याचा संभव फारच कमी. बहुधा त्या रेडिएटरच्या झडपेतील बारीक दांडी आत अडकून बसलेली असते. वरचा मजला गार आणि खालचा गरम असेल, तर वर हवा साचली आहे किंवा पाणीच कमी पडले आहे. सगळे गार आणि बॉयलरही गार, तर पंपाचा विचार करण्यात अर्थ नाही, बिघाड आधीच्या पायरीवर आहे. आमच्याकडे सगळे गार होते आणि बॉयलर मात्र गरम.

मग त्यांनी नळांना हात लावून पाहिले (अगदी क्षणभर, कारण 70 अंशांचा तांब्याचा नळ चांगलाच पोळतो). बॉयलरमधून निघणारा नळ हातभर अंतरापर्यंत गरम, त्यापुढे कोमट, परतीचा तर थंडगार. हातभर अंतर तापले होते ते धातूतून झालेल्या वहनामुळे. म्हणजे उष्णता तयार होत होती, पण तिला नेणारे कोणी नव्हते. बॉयलर स्वतःपुरता तापून आपल्या तापमान-नियंत्रकाने बंद होत होता, आणि वर आम्ही कुडकुडत होतो.

त्यानंतर दाबमापक. काटा 1.4 बारवर होता. 10 मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ सुमारे 1 बार दाब देतो. आमचा सर्वांत वरचा रेडिएटर तळघरातील मापकाहून सुमारे 8 मीटर उंच होता. तेथपर्यंत पाणी भरलेले राहायला 0.8 बार पुरे. म्हणजे पाणी कमी नव्हते.

आता कुठे पंपाची पाळी आली. त्यांनी पेचकसाचे टोक पंपाच्या अंगाला टेकवले आणि मूठ कानाला लावली. मग मलाही ऐकायला लावले. स्थायूंमधून ध्वनी हवेपेक्षा चांगला येतो, हे मी कितीदा शिकवले असेल! आत एक स्थिर, एकसुरी गुणगुण होती. ही गुणगुण म्हणजे मोटर फिरत असल्याचा पुरावा नव्हे, हे येथे महत्त्वाचे. 50 हर्ट्झच्या प्रत्यावर्ती धारेत प्रत्येक आवर्तनात चुंबकीय ओढ दोनदा वाढते आणि दोनदा ओसरते. त्यामुळे लोखंडी पत्रे सेकंदाला 100 वेळा कंप पावतात. वीज गुंडाळीपर्यंत पोचते आहे एवढेच ती गुणगुण सांगते. फिरणाऱ्या पंपात तिच्या जोडीला बेअरिंगची आणि पाण्याची हलकी सळसळ असते. ती येथे नव्हती.

या जुन्या धाटणीच्या पंपांत मोटरचा फिरता भाग, म्हणजे रोटर, पाण्यातच बुडालेला असतो. पाणीच त्याच्या बेअरिंगला वंगणासारखे उपयोगी पडते. रोटर आणि बाहेरची गुंडाळी यांच्यामध्ये पातळ धातूचा डबा असतो, म्हणून गुंडाळी कोरडी राहते. पंपाच्या तोंडावर मधोमध एक मोठा पितळी स्क्रू असतो. वीज बंद करून तो काढला, की थोडे पाणी गळते आणि आत रोटरच्या दांड्याचे खाच पाडलेले टोक दिसते. फिटरने त्या खाचेत पेचकस घालून दांडा फिरवून पाहिला. तो सहज फिरला.

तो फिरला नसता, तर कारण वेगळे ठरले असते. उन्हाळ्यात चार-पाच महिने पंप बंद राहतो. पाण्यातील क्षार आणि गंजाचे बारीक कण बेअरिंगच्या फटीत बसतात, आणि पहिल्या थंडीत पंप सुरू करावा तर दांडा चिकटलेला! अशा वेळी पेचकसाने दोन-चार वेढे दिले, की बहुतेकदा काम होते. म्हणूनच नव्या नियंत्रकांत उन्हाळ्यातही पंप अधूनमधून थोडा वेळ आपोआप फिरवण्याची सोय असते.

आमचा दांडा तर मोकळा होता. फिटरने वीज सुरू केली. पुन्हा गुणगुण, पण दांडा जागचा हलेना. मग त्यांनी पेचकसाने त्याला उजवीकडे हलकीशी गती दिली, तर तो भर्रकन त्याच दिशेने फिरू लागला. वीज बंद केली, दांडा थांबू दिला, पुन्हा सुरू करून डावीकडे गती दिली, तर तो डावीकडे फिरू लागला!

हे पाहताच मला आमच्या घरचा छताचा पंखा आठवला. बटण दाबल्यावर पंखा नुसता घुमतो, आणि काठीने पात्याला ढकलले की फिरू लागतो, हा अनुभव आपल्यापैकी कोणाला नाही? इलेक्ट्रिशियन येतो आणि म्हणतो, "कंडेन्सर गेला." पाठ्यपुस्तकात यालाच धारित्र म्हणतात. एकाच फेजच्या विजेमुळे निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्र फिरत नाही, ते एकाच रेषेत मागेपुढे होते. असे क्षेत्र म्हणजे परस्परविरुद्ध दिशांनी फिरणाऱ्या दोन समान क्षेत्रांची बेरीज, असे गणिताने दाखवता येते. स्थिर रोटरला दोन्हींची ओढ सारखीच, म्हणून तो जागीच राहतो. त्याला एका दिशेने थोडी गती मिळाली, की त्या दिशेच्या क्षेत्राची पकड वरचढ ठरते. हा सुरुवातीचा धक्का देण्यासाठीच मोटरमध्ये दुसरी गुंडाळी असते, आणि तिच्यातील धारा पहिलीच्या पुढे राहावी म्हणून तिच्या मार्गात धारित्र जोडलेले असते. ते वयोमानाने क्षीण झाले, की धक्का नाहीसा होतो.

फिटरने पंपावरील बाणाप्रमाणे दांड्याला गती दिली आणि स्क्रू परत लावला. अर्ध्या तासात रेडिएटर तापले. (चुकून उलट दिशेने फिरवला असता, तरी या जातीचा पंप पाणी त्याच बाजूला ढकलतो, फक्त फार कमी. "पंप फिरतो, पण घर पुरेसे तापत नाही" या तक्रारीमागे कधी कधी हे असते.) धारित्र मात्र त्यांनी उघड्या हाताने चाचपले नाही आणि मलाही दटावले. वीज बंद केल्यावरही त्यात भार उरलेला असू शकतो.

रेडिएटरमधील हवेविषयी थोडे सांगायला हवे, कारण ती सगळीच हवा नसते. पाणी तापले की त्यात विरघळलेला वायू बाहेर पडतो, हे खरे. पण यातील ऑक्सिजन संपल्यावरही लोखंड आणि गरम पाणी यांची संथ अभिक्रिया चालू राहते. तिच्यातून मॅग्नेटाइट हे काळे ऑक्साइड आणि हायड्रोजन तयार होतो. जुन्या रेडिएटरचा वरचा स्क्रू सैल केल्यावर फुसकन बाहेर येतो तो वायू म्हणूनच ज्वालाग्राही असू शकतो. तेथे काडी पेटवून पाहू नये! आणि खाली भांड्यात जे काळे पाणी पडते, त्याच्या बाहेरून चुंबक फिरवला, तर काळी भुकटी काचेलगत चुंबकामागे सरकताना दिसते.

नेमके हेच मॅग्नेटाइट नव्या पंपांच्या मुळावर आले आहे. युरोपीय संघाच्या नियमांनुसार 2013 पासून विजेची उधळपट्टी करणारे जुने सुटे पंप बाजारात आणता येत नाहीत, आणि 2015 पासून नियम आणखी कडक झाले. नव्या पंपांच्या रोटरमध्ये कायमचुंबक असतो. मोटरचा वेग इलेक्ट्रॉनिक मंडल ठरवते, त्यामुळे लहान घरात पाच-दहा वॅट पुरतात आणि सुरुवातीचा धक्का देणाऱ्या त्या धारित्राची भानगडही उरली नाही. पण पाण्यातील काळी भुकटी जुन्या रोटरजवळून तशी बिनदिक्कत निघून जाई. नवा रोटर तिला ओढून घेतो, आणि ती अरुंद फटीत साचते. म्हणून आता परतीच्या नळावर, पंपाच्या आधी, चुंबकीय गाळणी बसवतात. ती न बसवता जुन्या गंजक्या मंडलात नवा पंप घातला, तर पुन्हा दुरुस्तीची पाळी यायला फार दिवस लागत नाहीत. अशा वेळी पंपाला नावे ठेवण्यापेक्षा पाण्याकडे पाहावे, हे माझे मत.

आमचा पंप रविवारची रात्र न थांबता फिरत राहिला. मध्ये एकदा वीज गेली असती, तर मला पेचकस घेऊन तळघरात जावे लागले असते, आणि त्यासाठी मी तो उशाशी ठेवला होता. सोमवारी दुपारी फिटरने नवा कंडेन्सर आणून बसवला. जुन्यावर 2.5 मायक्रोफॅरड असे छापले होते. मी तो प्रयोगशाळेत नेऊन मीटरला लावला, तेव्हा काटा 0.4 च्या पुढे गेला नाही.