ब्रूनो श्ट्राउब यांचे संशोधनकार्य : ॲक्टिनचा शोध आणि त्याचे जीवरसायनशास्त्रीय महत्त्व

प्रस्तावना

स्नायूंच्या आकुंचनाचा विषय शिकविताना मायोसिन आणि ॲक्टिन या दोन प्रथिनांचा उल्लेख अपरिहार्यपणे येतो. मात्र यांपैकी दुसरे प्रथिन कोणी, कोठे आणि कोणत्या परिस्थितीत वेगळे केले, याची माहिती पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळते. ॲक्टिनचा शोध हंगेरीतील सेगेद या प्रांतीय शहराच्या विद्यापीठात, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लागला. तो लावणारे ब्रूनो श्ट्राउब त्या वेळी तिशीच्याही आत होते. नित्याच्या प्रयोगात आढळलेली एक लहानशी विसंगती गांभीर्याने घेतल्यास तिच्यातून संपूर्ण ज्ञानशाखेला नवी दिशा कशी मिळते, हे श्ट्राउब यांच्या कार्याच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

जडणघडण

श्ट्राउब यांचा जन्म १९१४ साली नॉज्वाराद येथे झाला. हे शहर आज ओराद्या या नावाने रोमानियात आहे. सेगेद येथे त्यांना अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांचे मार्गदर्शन लाभले. क जीवनसत्त्व आणि पेशींमधील ज्वलनक्रिया यांवरील कार्यासाठी सेंट-ग्यॉर्गी यांना १९३७ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. त्यानंतर श्ट्राउब यांनी केंब्रिज येथे डेव्हिड केलिन यांच्या प्रयोगशाळेत काम केले आणि हृदयाच्या स्नायूतून एक पिवळे विकर शुद्ध स्वरूपात मिळविले. १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेले हे संशोधन पुढे दीर्घकाळ त्यांच्याच नावाने ओळखले गेले. ऊतींतून प्रथिन अलग करून ते न बिघडविता शुद्ध करण्याचे जे कौशल्य त्यांनी या काळात आत्मसात केले, तेच ॲक्टिनच्या शोधात उपयोगी पडले.

दोन द्रावणांमधील फरक

१९३९ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ व्लादिमिर एंगेलहार्ट व मिलित्सा ल्युबिमोवा यांनी एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. स्नायूचा केवळ रचनात्मक घटक मानले जाणारे मायोसिन एटीपी या ऊर्जावाहक रेणूचे विघटनही करते, असे त्यांना आढळले. या निष्कर्षाने सेंट-ग्यॉर्गी स्नायूंच्या अभ्यासाकडे वळले.

त्यांच्या सहकारी इलोना बांगा सशाचा स्नायू वाटून क्षारांच्या तीव्र द्रावणात मिसळत आणि त्यातून मायोसिन मिळवीत. सुमारे वीस मिनिटांत काढलेले द्रावण पातळ असे. तोच लगदा रात्रभर तसाच ठेवला तर मात्र मिळणारे द्रावण दाट व चिकट असे. एटीपी मिसळताच दाट द्रावणाची श्यानता एकदम घटत असे, तर पातळ द्रावणात फारसा बदल होत नसे. दोन्ही द्रावणांना तोपर्यंत मायोसिन हेच नाव होते. त्यांना मायोसिन-अ आणि मायोसिन-ब अशी वेगळी नावे देण्यात आली. सेंट-ग्यॉर्गी यांनी मायोसिन-ब चे बारीक तंतू तयार करून त्यांवर एटीपीची क्रिया घडविली, तेव्हा ते तंतू आखडले. स्नायूच्या आकुंचनाची ही क्रिया जिवंत ऊतीबाहेर, काचपात्रात घडली होती. मायोसिन-अ च्या तंतूंत ती घडत नव्हती.

हा फरक कशामुळे पडतो, हा प्रश्न श्ट्राउब यांच्याकडे आला.

चोथ्यातील प्रथिन

रात्रभरात एखादे दुसरे प्रथिन स्नायूतून सुटून मायोसिनमध्ये मिसळत असेल, तर वीस मिनिटांनंतर उरणाऱ्या चोथ्यात ते शिल्लक असले पाहिजे, हे श्ट्राउब यांच्या विचारामागील सूत्र होते. त्यांनी मायोसिन काढून घेतल्यानंतरचा चोथा ॲसिटोनने धुऊन वाळविला. या कोरड्या भुकटीत शुद्ध पाणी घातले असता त्यात एक नवे प्रथिन उतरले. हे प्रथिन मायोसिन-अ मध्ये मिसळले की दाट मायोसिन-ब तयार होई. ते मायोसिनला सक्रिय करते, म्हणून त्याला ॲक्टिन हे नाव मिळाले आणि मायोसिन-ब ला ॲक्टोमायोसिन.

पुढील अभ्यासात असे दिसले की, ॲक्टिन दोन रूपांत आढळते. क्षार नसलेल्या पाण्यात त्याचे गोलसर रेणू सुटे राहतात. क्षार मिसळताच ते एकमेकांना जोडले जाऊन लांब तंतू बनतात. १९५० मध्ये श्ट्राउब आणि फॉयर यांनी दाखविले की, सुट्या ॲक्टिनला एटीपीचा रेणू बांधलेला असतो आणि तंतू बनताना त्याचे विघटन होते. पेशी आपले तंतू सतत कसे जोडते व मोडते, हे समजून घेण्यासाठी ही माहिती पायाभूत ठरली.

येथे इतिहासातील एक नोंद लक्षात घ्यावी लागते. १८८७ मध्ये इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्यम हॅलिबर्टन यांनी मायोसिनला गोठविणारा एक घटक स्नायूतून मिळविला होता. तो बहुधा ॲक्टिनच असावा, असे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. पदार्थ हाती आला होता; परंतु त्याचा मायोसिनशी असलेला संबंध उलगडेल असा प्रश्न त्या काळी विचारला गेला नव्हता. त्यामुळे शोधाचे श्रेय केवळ पदार्थ सापडण्याला नव्हे, तर त्याचे कार्य ओळखण्याला द्यावे लागते.

युद्ध आणि प्रसिद्धी

हे संशोधन १९४२ व १९४३ मध्ये सेगेदच्या संस्थेने स्वतः काढलेल्या अंकांतून प्रसिद्ध झाले. युद्धामुळे ते देशाबाहेर फारसे पोहोचू शकले नाही. नाझीविरोधी हालचालींमुळे सेंट-ग्यॉर्गी यांना १९४४ पासून भूमिगत व्हावे लागले. अखेर १९४५ मध्ये स्वीडनमधील एका शरीरक्रियाशास्त्रीय नियतकालिकाच्या पुरवणीतून या कार्याचा एकत्रित वृत्तांत जगासमोर आला. तो आला नसता तर हे प्रथिन अन्य कोणाला पुन्हा शोधावे लागले असते.

१९४७ मध्ये सेंट-ग्यॉर्गी अमेरिकेस गेले. श्ट्राउब मायदेशीच राहिले. बुडापेस्ट येथे त्यांनी अध्यापन केले, विकरांची निर्मिती पेशीत कशी होते याचा अभ्यास हाती घेतला आणि पुढे सेगेद येथील जीवशास्त्रीय संशोधन केंद्राच्या उभारणीत प्रमुख वाटा उचलला. २०२३ चे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या कातालिन कारिको यांनी उमेदीच्या काळात याच केंद्रात काम केले होते. १९८८-८९ मध्ये श्ट्राउब हंगेरीच्या अध्यक्षीय मंडळाचे प्रमुख होते. १९९६ मध्ये त्यांचे निधन झाले.

स्नायूपासून पेशीसांगाड्यापर्यंत

१९५४ मध्ये ह्यू हक्सली व जीन हॅन्सन, तसेच अँड्र्यू हक्सली व रोल्फ नीडरगेर्के यांनी असे प्रतिपादन केले की, स्नायू आखडताना त्यातील तंतू स्वतः आखूड होत नाहीत. ते एकमेकांवरून सरकतात. यांतील जाड तंतू मायोसिनचे आणि बारीक तंतू मुख्यतः ॲक्टिनचे असतात.

तरीही ॲक्टिन हे स्नायूचेच प्रथिन मानले जात होते. १९६६ मध्ये जपानमधील हातानो व ओसावा यांनी स्नायू नसलेल्या एका श्लेष्मबुरशीतून ते वेगळे केले. १९६९ मध्ये इशिकावा व त्यांच्या सहकाऱ्यांनी अन्य प्राणिपेशींतही ॲक्टिनचे तंतू दाखविले. पेशीचा आकार, तिचे सरकणे आणि विभाजन होताना तिचे दोन भाग होणे या सर्व क्रियांत ॲक्टिनचा सहभाग असल्याचे पुढे स्पष्ट झाले. १९९० मध्ये त्याची अणुपातळीवरील रचना उलगडली. ३७५ अमिनो आम्लांचे हे प्रथिन प्राणी, वनस्पती व कवके यांच्यात फारच थोड्या फरकाने आढळते. ॲसिटोनने वाळविलेल्या स्नायूच्या भुकटीपासून ॲक्टिन मिळविण्याची श्ट्राउब यांची पद्धत सुधारित स्वरूपात आजही प्रयोगशाळांत वापरली जाते.

निष्कर्ष

श्ट्राउब यांच्या संशोधनाची सामग्री साधी होती : वाटलेला स्नायू, क्षार, ॲसिटोन आणि श्यानता मोजण्याचे उपकरण. बांगा यांचे निरीक्षण, सेंट-ग्यॉर्गी यांची दृष्टी आणि श्ट्राउब यांचे शुद्धीकरणाचे कौशल्य यांच्या मिलाफातून हा शोध आकारास आला. एकाच नावाभोवती तो सांगणे इतिहासास धरून होणार नाही. अध्यापकांच्या दृष्टीने येथे आणखी एक बोध आहे. प्रात्यक्षिकात अपेक्षेहून वेगळे उत्तर आले की ते चूक म्हणून खोडण्याची प्रवृत्ती असते. सेगेदच्या प्रयोगशाळेत रात्रभर राहिलेले दाट द्रावण बिघडलेले समजून टाकून दिले असते, तर चोथ्यात काय उरले आहे हे पाहण्याचे कारणच उरले नसते. म्हणून असे उत्तर खोडण्यापूर्वी त्यामागील कारणाची विचारणा होणे अगत्याचे आहे.