कोयनेच्या भूकंपांचे संगणकीय नकाशालेखन

भूकंपसूचीतील प्रत्येक ओळ म्हणजे एका घटनेचे संक्षिप्त विधान होय : काळ, अक्षांश, रेखांश, खोली आणि महत्ता. ही विधाने नकाशावर उतरविण्यासाठी ‘जेनेरिक मॅपिंग टूल्स’ अर्थात जीएमटी ही संगणकप्रणाली संशोधनक्षेत्रात सर्रास वापरली जाते. पॉल वेसेल व वॉल्टर स्मिथ ह्यांनी १९८८ मध्ये तिचा आरंभ केला. तीत माउसने चित्र जुळविण्याची सोय नाही. प्रत्येक गोष्ट टंकलिखित आज्ञेने सांगावी लागते. नवशिक्यास हे जाचक वाटते खरे. तथापि नकाशा कोणकोणत्या निर्णयांनी बनला ह्याचा लेखी पुरावा त्यामुळेच मागे राहतो.

पुण्यातील खराडी येथील एखाद्या अभ्यासकास ७३ ते ७७ अंश पूर्व आणि १६.५ ते १९ अंश उत्तर ह्या चौकटीचा नकाशा काढावयाचा आहे, असे समजावे. खराडीपासून कोयनानगर सुमारे १३० व किल्लारी सुमारे २७० किलोमीटर अंतरावर आहे. ‘बेसमॅप’ ही आज्ञा चौकट आखते, ‘कोस्ट’ किनारा व नद्या काढते, ‘प्लॉट’ बिंदू मांडते. ‘प्लॉट’ला आधी रेखांश आणि मग अक्षांश लागतो, अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या सूचीत हा क्रम उलटा असतो. स्तंभांचा क्रम बदलून न दिल्यास कोयनेचा बिंदू नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात जातो, आणि चौकटीबाहेरचे बिंदू मुकाट्याने वगळले जात असल्याने नकाशा कोरा निघतो. कोरा नकाशा निदान आपली चूक लपवीत नाही. पुढील गोष्टींबाबत तसे म्हणता येत नाही.

कोयनेचा ६.३ महत्तेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झाला, हे महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. जागतिक सूचीत मात्र तो १० डिसेंबरच्या रात्री नोंदलेला आढळतो, कारण तेथील काळ भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असतो. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंपही ह्याच न्यायाने २९ तारखेस पडतो. स्थानिक दिनांकानुसार सूची छाटणाऱ्याच्या नकाशातून मुख्य धक्काच गळतो आणि पश्चात् धक्के तेवढे उरतात.

वर्तुळाच्या आकाराचाही विचार हवा. व्यास महत्तेच्या सरळ प्रमाणात घेतल्यास ६ महत्तेचे वर्तुळ ३ महत्तेच्या केवळ दुप्पट रुंद दिसते. ऊर्जेतील अंतर मात्र सुमारे तीस हजार पटींचे असते. ऊर्जेच्या प्रमाणात आकार द्यावा तर लहान धक्के दिसेनासे होतात. सबब कोणते प्रमाण घेतले ते नकाशाच्या सूचित लिहिणे हाच प्रामाणिक मार्ग.

खरा वादाचा प्रश्न स्थानाचा आहे. शिवाजीसागर १९६२ पासून भरू लागल्यानंतर ह्या भागातील धक्के वाढले, आणि जलाशयाने प्रेरित झालेल्या भूकंपांचे कोयना हे जगातील प्रमुख उदाहरण ठरले. दक्षिणेकडील वारणा जलाशय १९८५ पासून भरू लागला. पुढे धक्क्यांचा रोख तिकडेही वळला. हे सारे क्षेत्र जेमतेम २० गुणिले ३० किलोमीटरचे. दूरस्थ केंद्रांवरून काढलेल्या अपिकेंद्रात १०–१५ किलोमीटरची चूक असल्यास तोच धक्का जलाशयाखाली पडेल वा त्यापासून दूर. म्हणजे नेमका जो प्रश्न सोडवावयाचा, त्याचे उत्तर चुकीच्या मर्यादेतच बुडते. अशा ठिकाणी टोकदार बिंदू काढणे हे नसलेल्या ज्ञानाचे प्रदर्शन होय. ‘प्लॉट’ वर्तुळाऐवजी लंबवर्तुळही काढू शकते. सूचीत त्रुटीचे अंक असतील तेथे त्यांचाच उपयोग करावा, आणि स्थानिक जाळ्याने निश्चित केलेली अपिकेंद्रे वेगळ्या चिन्हाने दाखवावीत.

खोलीच्या बाबतीत हा धोका अधिक आहे. नाभीची खोली निश्चित करता येत नसेल तर सूचीकार १० किंवा ३३ किलोमीटर असा ठरीव आकडा घालतात. कोयनेचे धक्के बहुतांशी १० किलोमीटरच्या आतले. ३३ हा आकडा खरा मानून खोलीनुसार रंग भरले, तर उथळ धक्का कवचाच्या तळाजवळ जाऊन बसतो आणि जलाशयाशी त्याचा संबंध जोडणे दुरापास्त होते. असे आकडे वारंवार येताना दिसल्यास त्या ओळी वेगळ्या फायलीत काढून, रंग न भरता, पोकळ वर्तुळांनी मांडाव्यात.